पंचावन्नचं पातं

वेदची टाच हेमाच्या तेलकट तळव्यात होती आणि हात तिथेच थांबला. वरच्या चढावर गाडी खोकली.

आधी एकदा, मग लागोपाठ दोनदा. त्यानंतर इंजिनाचा आवाज सैल पडला आणि उतारावरून हळूहळू, ओशाळल्यासारखा, खाली येऊ लागला.

"तिसरं वळण," हेमा वेदला म्हणाली.

सात महिन्यांच्या वेदला याचं सोयरसुतक नव्हतं. तो स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडापर्यंत आणायच्या खटपटीत होता आणि अंगाला तेल असल्यामुळे तो अंगठा दर वेळी ऐन वेळेला निसटत होता.

घर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, पायथ्याशी होतं. मागच्या परसापासूनच जांभ्याचा चढ सुरू व्हायचा आणि त्यावरून बंद पडलेल्या चिरेखाणीचा रस्ता चार वळणं घेत वर सड्यावर निघायचा. खाणीचे ट्रक थांबल्यापासून त्या रस्त्यावर गुरं आणि हेमाचा नवरा चारुदत्त एवढेच जायचे. गुरं वेळेवर परत यायची. चारुदत्तचा भरवसा नसायचा. आज मात्र पहाटेपासूनची ही चौथी फेरी होती आणि चारही वेळा गाडी तिसऱ्याच वळणावर खोकली होती.

"तेल संपलं काय गो?" न्हाणीघरातून सासूबाईंचा, दमयंतीबाईंचा आवाज आला. बंबात लाकडं सारत त्या तिथूनच अंगणावर लक्ष ठेवून होत्या. "बाटली उन्हात ठेव. थिजलंय सगळं."

"हो, आई."

पौषातला गारठा होता. रत्नागिरीत थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, पण ती आली की सगळ्यात आधी खोबरेल तेलाला कळतं. बाटलीतलं तेल पांढरंशुभ्र होऊन बसलं होतं. हेमाने ती कुंपणाच्या दगडी गडग्यावर, जिथे ऊन आधी पोचायचं त्या चिऱ्यावर, आडवी ठेवली आणि वेदच्या पोटावर उरलासुरला हात फिरवला.

गाडी परसात येऊन उभी राहिली. छोटी, शेवाळी रंगाची, तीन सिलिंडरची. तिच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं की तिच्या बॉनेटखाली काही वेगळं असेल. होतं मात्र. मुंबईच्या भंगारातून गोणपाटात गुंडाळून आणलेला, जपानमधल्या कुठल्याशा गाडीचा एक टर्बो तिथे बसवलेला होता. दिसायला शंखासारखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्याच्या पोटातली पंखी शिट्टी घालत फिरायची आणि इंजिनात हवा कोंबायची. हवा कोंबली की ही बापडी गाडी सड्याच्या चढावर शेपटी वर करून पळणाऱ्या वासरासारखी उधळायची. निदान पूर्वी उधळायची.

चारुदत्त उतरला. जवळच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तो कंपनीच्या बसने पहाटे घरी आला होता आणि अजून झोपला नव्हता. त्याने दार लावलं नाही, नुसतं टेकवलं. गाडीवर राग असला की तो असंच करायचा.

"खोकते," तो म्हणाला.

"ऐकलं. धापा टाकत बंद पडते, की चालता चालता ठेचकाळते?"

"ठेचकाळते."

"मग पेट्रोल नाही. ठिणगी आहे. अहो, प्लग बघितले का?"

'अहो' दमयंतीबाई ऐकण्याच्या टप्प्यात होत्या म्हणून. लग्नानंतर दोघांनी ठरवून टाकलं होतं, आईसमोर अहो आणि बॉनेटसमोर अरे. बॉनेटसमोर अहो म्हणायला वेळ मिळत नाही, असं हेमाचं म्हणणं होतं.

"पहाटे आल्या आल्या नवे टाकले," चारुदत्त म्हणाला. "तुझ्या वहीतलाच आकडा घेतला. पंचावन्न. एक सोडून तीनदा मोजलं. जाऊ दे ग. सर्वेश सातलाच निघालाय चिपळूणहून. साडेदहापर्यंत येतोय. काढून देऊ त्याला टर्बो, म्हणजे सुटलो."

सर्वेश हा चारुदत्तचा कॉलेजातला मित्र. त्याचा टर्बोवर दोन वर्षांपासून डोळा होता. मागच्या पोलिओच्या रविवारी वेदला घेऊन तिघं वरच्या शाळेतल्या बूथवर निघाले आणि गाडी याच चढावर आचके देत बंद पडली. डिसेंबरच्या उन्हात, करंगळीला अजून शाई न लागलेला वेद आणि त्याला पदराखाली घेऊन चढ चढणाऱ्या दमयंतीबाई. त्या संध्याकाळी चारुदत्तने सर्वेशला फोन केला. टर्बो काढला की गाडी गपगुमान इतर गाड्यांसारखी चालेल, लेकराला घेऊन कुठेही जाता येईल. हेमा तेव्हा "ठीक आहे" म्हणाली होती. वरणाला फोडणी देताना म्हणाली होती, त्यामुळे तिचा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

दमयंतीबाई पदर खोचून बाहेर आल्या आणि तेलाने न्हालेल्या वेदला त्यांनी उचलला.

"चला, महाराज. पाणी तापलंय."

"आई, टर्बो आज जाणार," चारुदत्त म्हणाला. "तुझं डोकं शांत होईल. शिट्टी बंद."

"माझ्या डोक्याचं मी बघेन," दमयंतीबाई म्हणाल्या आणि नातवाला घेऊन न्हाणीघरात गेल्या.

हेमाने ओंजळभर डाळीचं पीठ हातांवर चोळलं. तेल निघेपर्यंत, बोटांच्या पेरांमधूनसुद्धा, नीट चोळलं. चारुदत्त बघत राहिला.

"काय करतेस?"

"अरे, प्लग काढ," हेमा म्हणाली.

दोघांची ओळखच मुळी मापावरून झालेली. त्या कारखान्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपात हेमा तपासणीला होती. पाच वर्षांपूर्वी चारुदत्त कारखान्याच्या पंपाचा दुरुस्त केलेला शाफ्ट घाईघाईने घ्यायला आला आणि हेमाने तो त्याच्यादेखत नापास केला. केसाएवढा फरक आहे, एवढ्याने काय होतं, असं तो म्हणाला. केस कुणाचा, असं तिने विचारलं. त्या दिवशी त्याची बस चुकली. पुढे गाडी आली, टर्बो आला, दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये तो बसवण्यात गेले. पाने फिरवायचं काम चारुदत्तचं, मापाचं हेमाचं. पंचावन्न हा आकडा तिने असाच शोधून काढलेला. प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडी मारते. साध्या इंजिनात ती उडी मोठी चालते. पण टर्बोने हवा ठासून भरली की त्या दाटीत ठिणगीला मोठी उडी झेपत नाही, ती मधल्या मध्ये विझते, आणि गाडी ठेचकाळते. म्हणून उडी लहान करायची. पण फार लहान केली तर ठिणगीच मरतुकडी होते. मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातले पंचावन्न भाग अंतर ठेवायचं. चोपन्नला गाडी कुरकुरायची नाही, पण गायचीही नाही, असं हेमाचं मत होतं. चारुदत्तने ते कधी तपासून पाहिलं नाही, मान्य करून टाकलं.

मग वेदची चाहूल लागली. पाचव्या महिन्यात एके संध्याकाळी ती शेडमधून बाहेर आली तेव्हा दमयंतीबाई दारात उभ्या होत्या. "आता ते हत्यार राहू दे काही दिवस," एवढंच त्या म्हणाल्या आणि हेमाच्या हातातलं फट मोजायचं फिलर गेज त्यांनी काढून घेतलं. पोलादी पात्यांचा तो बोटभर लांबीचा मिटणारा पंखा हेमाला नोकरी सोडताना वर्कशॉपातल्या लोकांनी दिलेला. वीस पाती, प्रत्येकाची जाडी वेगळी आणि प्रत्येकावर तिचा आकडा कोरलेला. दुसऱ्या दिवशी ते खणात नव्हतं. हेमाने विचारलं नाही. विचारावं असं पुष्कळदा वाटलं, पण बाळंतपणात विचारायच्या इतर गोष्टी इतक्या होत्या की हे मागे पडत गेलं, आणि मग मागेच राहिलं. त्याला आता जवळजवळ वर्ष होत आलं होतं.

"हे कुठे होतं?" तिने आता विचारलं.

चारुदत्त पहिला प्लग पान्याने सोडवत होता. गेज बॅटरीवर ठेवलेलं होतं, त्याच्याखाली मऊ फ्लॅनेलचा एक तुकडा.

"आईच्या कपाटात. मागितलं तर तिने लगेच काढून दिलं. सुयांच्या डब्यात होतं."

 हेमाने हात पुढे केला आणि चारुदत्तने तिच्या तळव्यावर प्लग ठेवला.

प्लग अजून ऊन होता. तिने एक डोळा मिटला आणि तो आकाशाकडे धरला. खालची तार आणि तिच्यावर वाकलेली पोलादी चोच, मधून निळ्या आकाशाची एक चीर. तिने ती चीर पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे सत्तर आहे," ती म्हणाली.

"पंचावन्न आहे."

"सत्तर दिसतंय."

"अग, मोजून बघ ना. मी काय डोळे मिटून मोजलं?"

तिने पंचावन्नचं पातं काढलं आणि फटीत सारलं. ते गेलं. सैल नाही, घट्ट नाही. जाताना किंचित अडलं, जसं अडायला हवं तसं, सुईच्या नाकातून दोरा जाताना अडतो तेवढंच. तिने पातं बाहेर काढून आकडा पाहिला. पंचावन्नच होता.

"बघ," चारुदत्त म्हणाला. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट तिचं खरं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं काहीतरी होतं.

हेमा गडग्यावर टेकली. न्हाणीघरातून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि वेदचा तो विशिष्ट चीत्कार, गरम पाणी पाठीवरून ओघळलं की निघणारा. पूर्वी ती नुसत्या नजरेने सांगायची आणि पातं फक्त तिच्यामागून होकार द्यायला यायचं. सात महिने तिने या डोळ्यांनी दुधाच्या बाटलीवरच्या रेघा आणि तापमापीतला पारा बघितला होता. डोळाही मऊ पडतो की काय असा. तिने प्लग पुन्हा आकाशाकडे धरला. पुन्हा सत्तरच दिसलं.

"राहू दे ग," चारुदत्त हळू आवाजात म्हणाला. "झोप नाही तुला धड. काल रात्री चारदा उठलीस."

"तुला कसं माहीत? तू पाळीवर होतास."

"तू उभ्या उभ्या जांभई देतेस त्यावरून."

ती हसली. आणि हसता हसताच, वर्कशॉपातली जुनी सवय म्हणून, तिने पंचावन्न मिटवून सत्तरचं पातं काढलं आणि त्याच फटीत सारलं.

तेही गेलं. सैल नाही, घट्ट नाही.

हेमाने ते तिथेच राहू दिलं आणि त्याच्याकडे बघत बसली. एकाच फटीत पंचावन्नही बरोबर आणि सत्तरही बरोबर. म्हणजे तिच्या डोळ्याला काहीच झालेलं नव्हतं. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि ते पोलादाचं होतं.

मग तिने पडताळा घ्यायचं ठरवलं. चाळीसचं पातं आणि पंधराचं पातं एकत्र धरलं की पंचावन्न होतं. चाळीस मिळालं. पंधरा काही मिळेना. तिने पंखा इकडून तिकडे उलगडला, तिकडून इकडे मिटवला. पाच नाही, दहा नाही, पंधरा नाही, वीस नाही. पानासारखी पातळ अशी ती चार पाती गेजमधून गायबच होती. आणि तरी मिटलेलं गेज तितकंच जाड होतं.

"अरे, चारू," ती म्हणाली. "दुसरा प्लग काढ. तिसराही काढ."

"काय झालं?"

"काढ तर."

तो बॉनेटखाली वाकला. तिने पंचावन्नचं पातं डोळ्यासमोर आडवं, धारेवर धरलं. धारेच्या मधोमध, केसाहूनही बारीक, एक पांढरी रेघ होती.

तिने नख लावून पाहिलं. निघालं नाही. मग गडग्यावरच्या तेलाच्या बाटलीकडे तिचं लक्ष गेलं. बाटलीच्या वरच्या बाजूला तेल पातळ व्हायला लागलं होतं आणि मधोमध अजून पांढरा गड्डा तरंगत होता. हेमाने गेज उलगडलं आणि बाटलीच्या शेजारी, उन्हात तापलेल्या चिऱ्यावर, पंख्यासारखं पसरून ठेवलं.

पाच-सात मिनिटं लागली असतील. बाटलीतला गड्डा बोराएवढा झाला तेव्हा तिने पंचावन्नच्या पाठीवर पुन्हा नख लावलं. एक पातळ, चकचकीत पातं अलगद सुटून आलं. त्यावर कोरलं होतं, पंधरा.

नव्वदच्या पाठीशी पाच निघालं. पंच्याहत्तरच्या पाठीशी दहा. साठच्या पाठीशी वीस. तिने स्क्रू सोडवून चारही पाती बाहेर काढली. सगळी खोबरेलाने न्हालेली, गंजाचा कुठे ठिपकासुद्धा नाही.

हेमाच्या डोळ्यांपुढे सुयांचा डबा आला. दमयंतीबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेलं. समुद्र इतका जवळ की सुई उघडी ठेवली तर आठवड्यात तांबूस होते, म्हणून त्यांच्या सुया फ्लॅनेलमध्ये खोबरेल लावून ठेवलेल्या असत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या एकेक सुई पुसायच्या, पुन्हा तेल लावायच्या आणि पुन्हा फ्लॅनेलमध्ये टोचायच्या. आणि टोचताना प्रत्येक जाड सुईच्या पाठीशी एक बारीक सुई. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात हेमाने विचारलं होतं, असं का. "बारकी वाकत नाही मग," त्या म्हणाल्या होत्या.

हेमाने फ्लॅनेलचा तुकडा बॅटरीवरून उचलला. तो तेलाने जड झाला होता. एकावर एक पडलेले, एकाहून एक जुने डाग होते त्यावर. ती मोजायला लागली नाही. दर पहिल्या तारखेला गेजचा स्क्रू सोडवायचा, वीसही पाती पुसायची, चार नाजूक पाती जाडीच्या पाठीशी लावायची आणि पुन्हा स्क्रू पिळायचा, याला किती वेळ लागत असेल याचा मात्र तिने मनाशी अंदाज केला. तिच्या हाताला बरीच सवय होती, तरी अर्धा तास.

न्हाणीघरात दमयंतीबाई वेदच्या कानांतून पाणी निपटत त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. हेमाने फ्लॅनेलची घडी केली. चौकोनी, चारी कोपरे जुळवून.

"काय सापडलं?" तिन्ही प्लग हातात घेऊन चारुदत्त आला. "तोंडावरून दिसतंय, काहीतरी सापडलं."

"पात्यांची जुळणी चुकली होती," ती म्हणाली. "पंचावन्नला दुसरं एक चिकटलं होतं. दोन्ही मिळून तू मोजत होतास."

"चिकटलं? कुणी लावलं उलटसुलट?"

न्हाणीघरातला बोलण्याचा आवाज थांबला.

"मीच," हेमा म्हणाली. "शेवटचं पुसून ठेवलं तेव्हा. पोटात हा लाथा मारत होता, माझं लक्ष कुठे होतं."

"वर्षभर तू मला माझ्या बेफिकिरीवरून ऐकवतेस," चारुदत्त म्हणाला, "आणि इकडे बाईसाहेबांनी—"

"हो. लिहून ठेव वहीत. आता प्लग धर."

त्याने धरला. तिने प्लगची चोच चिऱ्याच्या कडेवर टेकवली आणि अगदी हळू, दारावर ओळखीच्या माणसाने टकटक करावं तशी, एकदा ठोकली. पंचावन्न सारून पाहिलं. गेलं नाही. पान्याच्या टोकाने चोच इवलीशी उचलली. आता गेलं, किंचित अडत. तिने तो आकाशाकडे धरला. निळी चीर ओळखीची होती.

दुसरा. तिसरा. चारुदत्त तिच्या हातांकडे बघत होता. तिसऱ्या प्लगला ती ठोकायला गेली तेव्हा त्याने मध्येच विचारलं, "पोलिओच्या दिवशी तर जुने प्लग होते. तेव्हा का खोकली?"

"ते झिजले होते. झिजले की फट आपोआप वाढते. तू नवे घातलेस, ते बरोबरच केलंस. फक्त फट पुन्हा तेवढीच ठेवलीस."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"अर्धा."

"वहीत लिहू?"

दमयंतीबाई बाहेर आल्या. वेद त्यांच्या खांद्यावर होता, जुन्या सुती साडीच्या घडीत गुंडाळलेला, फक्त नाक आणि दोन झोपाळलेले डोळे बाहेर. त्या हेमाच्या शेजारी थबकल्या. गडग्यावर तेलाची बाटली होती, तिच्या शेजारी उलगडलेलं गेज, आणि चार पातळ पाती वेगळी, एका ओळीत. त्यांनी ते सगळं एकदा पाहिलं.

"झालं तुमचं?"

"बसवायचे राहिलेत, आई. दहा मिनिटं."

"मग दोघंही जा वर," दमयंतीबाई म्हणाल्या. "हा आता तासभर उठत नाही." आणि थोडं थांबून, "तू चालव. चारूला झोप आलीये, कुठल्या तरी गडग्यावर घालील."

हेमाने स्वतःकडे पाहिलं. अंगात घरचा गाऊन, त्याला डाळीचं पीठ, केसांचा कसाबसा बांधलेला अंबाडा. "अशीच?"

"सड्यावर कोण बघतंय गो तुला? गुरं?"

तिने गाऊनवर ओढणी घेतली, पायांतल्या सपाता काढून ठेवल्या आणि सीट पुढे ओढली. सीट ओढताना ती आधी अडली, मग खट्‌कन पुढे आली. वर्षभर तिथे लांब पायांचा माणूस बसत होता.

पहिल्या वळणावर तिने गाडीला फक्त चालू दिलं, ओळख करून घेतल्यासारखं. दुसऱ्यावर दुसरा गिअर आणि पाय थोडा खाली. बॉनेटखालून एक बारीक शिट्टी सुरू झाली, लांबून येणाऱ्या माणसाने तोंडातल्या तोंडात घातल्यासारखी. ती वाढत गेली. चारुदत्तने दाराची मूठ धरली होती आणि तो रस्त्याकडे नाही, हेमाच्या उजव्या पायाकडे बघत होता. तिसरं वळण दिसलं, तांबडं, तुटलेल्या चिऱ्यांचा ढीग असलेलं. हेमाने पाय खाली दाबला आणि श्वास धरला. गाडीने मात्र धरला नाही. ती वळणातून एका दमात, खडे उडवत, शिट्टी फुंकत निघाली आणि चौथं वळण कधी आलं आणि गेलं ते दोघांनाही नीट कळलं नाही.

सडा एकदम उघडला. वाळलेलं सोनेरी गवत, त्याच्या टोकाला समुद्र, आणि खालच्या बागांतल्या मोहोराचा वास काचेतून आत. हेमाने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. तीन सिलिंडर एकसारखे, एकाच्या मागे एक, काही तक्रार नसल्यासारखे चालत होते.

चारुदत्तने दाराची मूठ सोडली. मग तो हसायला लागला. पाळीचा थकवा, तीन आठवड्यांची कटकट, सगळं त्या हसण्यात होतं. हेमाही हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता सड्यावर, म्हणून असेल.

"सर्वेशला काय सांगू?" तो शेवटी म्हणाला. "नव्वद किलोमीटर येतोय तो."

"सांग, आकडा चुकला होता."

"आणि वेदला घेऊन जायचं कुठे तर?"

"चल, खाली जाऊ. मग त्यालाच घेऊन येऊ. तो कुठे म्हणाला त्याला शिट्टी आवडत नाही?"

बऱ्याच वेळाने खाली आले तेव्हा परसात सर्वेशची मोटरसायकल उभी होती. तो ओटीवर बसला होता, मांडीवर पोह्यांची बशी. हत्यारांची पिशवी त्याच्या पायाशी होती, तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"ये," सर्वेश घास गिळून म्हणाला. "तुझ्या आईने मला टेकूसुद्धा दिलं नाही रे. म्हणाल्या, टर्बो मिळायचा नाही, पोहे मिळतील. मी म्हटलं, काकू, चारूने बोलावलंय. तर म्हणाल्या, ओलं खोबरं घालू का वरून."

"आई," चारुदत्त म्हणाला, "तुला कुणी सांगितलं, द्यायचा नाही म्हणून?"

दमयंतीबाई उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला होती आणि पाळणा मंद हलत होता.

"कुणी कशाला सांगायला हवं?" त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वळणावर खोकली नाही."

चारुदत्तने हेमाकडे पाहिलं. हेमाने पाळण्यात डोकावून पाहिलं. वेद गाढ झोपला होता, मूठ कानाशी.

"मला तरी एक चक्कर मारू दे," सर्वेश म्हणाला. "नाहीतर तोंड कसं दाखवू चिपळुणात?"

"खाऊन घे आधी," दमयंतीबाई म्हणाल्या.

दोघे मित्र बॉनेट उघडून आत डोकी घालून उभे राहिले तेव्हा हेमा तेलाची बाटली आणायला गडग्याकडे गेली. बाटलीतलं तेल आता पाण्यासारखं नितळ झालं होतं. तिच्या शेजारी गेज मिटलेलं होतं. हेमाने तर ते उघडंच टाकलं होतं.

तिने ते उलगडलं. पाच, दहा, पंधरा, वीस. मग पंचवीस, तीस, आणि तसंच क्रमाने शंभरपर्यंत. प्रत्येक पातं कोरडं पुसलेलं, खोबरेलाचा मागमूस नाही. कुणाच्या पाठीशी कुणी नाही. स्क्रूसुद्धा हवा तेवढाच पिळलेला. आणि गेजच्या पलीकडे, चिऱ्याच्या खोबणीत पडू नये अशी टेकवून ठेवलेली, लांब चोचीची एक छोटी डबी होती. दमयंतीबाईंच्या शिवणयंत्राच्या तेलाची. ते तेल कितीही थंडी पडली तरी थिजत नाही.

 हेमाने डबी उचलली, चोच वळवली आणि पंचावन्नच्या पात्यावर एक थेंब सोडला.

घरातून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला. एकसारखा, न ठेचकाळता.